स्टेशनाकडे पाठ केलेला बाजार

मुंबईच्या उपनगरांत बाजार आधी स्टेशनाला चिकटतो आणि मग आत सरकतो. लोकलमधून उतरलेला माणूस घराकडे चालता चालता मेथीची जुडी, अर्धा डझन केळी, पोरासाठी वही घेतो. म्हणून पहिली टोपली पुलाच्या शेवटच्या पायरीपाशीच मांडलेली असते. बोरिवली स्टेशनसमोरची गर्दी, मुलुंडचा पाच रस्ता, घाटकोपरचा महात्मा गांधी रस्ता हे सगळे याच रीतीने वाढले. घाटकोपरला तर साड्या आणि सोनेसुद्धा स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर मिळते. अंधेरी पश्चिमेला मात्र बाजाराची दोन टोके आहेत. रोजचा, घासाघिशीचा बाजार स्टेशनाजवळ आहे आणि महागडा बाजार तीन-चार किलोमीटर दूर, लिंक रोडवर आणि लोखंडवाला कॉम्प्लेक्समध्ये. मध्ये जयप्रकाश मार्ग आहे. हे सारे अंतर लोखंडवालाच्या मागच्या तळ्यापर्यंत धरले तर पाच किलोमीटरच्या आसपास भरते. सरळ चालले तर सव्वा तास, दुकाने पाहत चालले तर एक संध्याकाळ. सकाळी निघण्यात अर्थ नाही, कारण महागड्या टोकाची दुकाने अकराच्या आत डोळे उघडत नाहीत.

सुरुवात स्टेशनाच्या पश्चिम दारापासून. अंधेरी 1950 मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. बोरिवली आणि मुलुंड त्यानंतर, 1957 मध्ये. आज अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे मुंबई उपनगर जिल्ह्याचे तीन तालुके आहेत आणि हा जिल्हाही 1990 मध्येच वेगळा झाला. पश्चिम रेल्वे, हार्बरच्या गाड्या आणि मेट्रो अशा तिन्हींची माणसे इथे एकाच रस्त्यावर सांडतात. एवढी माणसे जिथून जातात तिथे फेरीवाला बसणारच.

कायद्याने मात्र तिथे बसता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये दिलेल्या निकालानुसार रेल्वे स्टेशनापासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना बंदी आहे. त्याआधी महिनाभर, 29 सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचा जीव गेला होता. दुसरीकडे 2014 चा पथविक्रेता कायदा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या, असे सांगतो. दोन्ही नियमांच्या मधल्या फटीत अंधेरी स्टेशनचा बाजार जगतो. पालिकेची गाडी आली की चादरीची चार टोके एकत्र येतात, गाठोडे खांद्यावर जाते, आणि गाडी वळणाआड गेली की चादर पुन्हा उलगडते. या साऱ्याला मिनिटभरही लागत नाही.

इथला भाव बोलण्यात ठरतो. सकाळच्या पहिल्या विक्रीला मराठी विक्रेता ‘भवानी’ म्हणतो. भवानीचे गिऱ्हाईक सहसा परत पाठवत नाहीत. नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकतात. त्यामुळे दुपारी अडून बसणारा विक्रेता सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला पाच-दहा रुपये सहज सोडतो. संध्याकाळी उशिरा, भाजी कोमेजायला लागली की भाव आणखी एकदा घसरतो. मॉलमध्ये सेल वर्षातून दोनदा लागतो, इथे तो रोज रात्री नवाच्या सुमारास लागतो.

स्टेशनाबाहेरच आडवा येणारा रस्ता म्हणजे स्वामी विवेकानंद मार्ग. बोलताना सगळे ‘एस. व्ही. रोड’ म्हणतात. जुने नाव घोडबंदर रोड. वांद्र्याकडून उत्तरेला जाणारा हा उपनगरांचा मूळ कणा. देशातल्या किरकोळ व्यापाराच्या इतिहासात या रस्त्याला मान आहे, पण तो सांगणारी पाटी कुठे नाही. 1991 मध्ये ‘शॉपर्स स्टॉप’चे पहिले दुकान अंधेरीत याच रस्त्यावर उघडले. तोवर कपड्यांची खरेदी म्हणजे गादीवर बसायचे, दुकानदाराने पांढऱ्या चादरीवर एकावर एक घड्या फेकायच्या आणि ‘अजून दाखवा’ म्हणण्याचा संकोच वाटेपर्यंत बसून राहायचे. नव्या दुकानात शर्ट हँगरला टांगलेले होते, किमतीची चिठ्ठी त्यालाच लावलेली होती, आणि न घेता बाहेर पडले तरी कुणी तोंड वाकडे करत नव्हते. जुलै 1991 च्या अर्थसंकल्पाने आर्थिक उदारीकरणाची दारे उघडली, त्याच वर्षीची ही गोष्ट. दक्षिण मुंबईतल्या फोर्ट-कुलाब्याला न जाता हा प्रयोग अंधेरीत झाला याचे नवल वाटायचे कारण नाही. पगारदार, दोघे कमावणारी, नवा फ्लॅट घेतलेली कुटुंबे तेव्हा उपनगरातच येऊन राहत होती.

एस. व्ही. रोड ओलांडला की जयप्रकाश मार्ग लागतो, म्हणजे जे. पी. रोड. डोक्यावर मेट्रो-1 चा पूल सोबतीला येतो. वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो 8 जून 2014 ला सुरू झाली; लांबी 11.4 किलोमीटर, स्थानके 12. तिने अंधेरी आणि घाटकोपर जोडले. त्याआधी हा पूर्व-पश्चिम प्रवास म्हणजे दादरला जाऊन गाडी बदलणे, नाहीतर साकीनाक्याच्या वाहतुकीत तासभर अडकणे. खांबांमुळे रस्त्याची रुंदी गेली, सावली मात्र मिळाली, आणि पावसाळ्यात पुलाखालून चालणारा निम्मा भिजतो, निम्मा कोरडा राहतो.

जे. पी. रोड हा मधल्या भावाचा रस्ता. बँका, औषधांची दुकाने, भांड्यांची दुकाने, मिठाईवाले, चष्म्यांची दुकाने, क्लासेसच्या पाट्या. ‘अपना बाजार’ही या रस्त्यावर आहे. नायगावच्या कामगार वस्तीत 1948 मध्ये सुरू झालेली ही ग्राहक सहकारी चळवळ. एका छताखाली धान्य, साबण, कपडा, औषधे आणि ठरलेला रास्त भाव ही कल्पना मुंबईच्या मध्यमवर्गाला मॉलच्या कितीतरी आधी सहकाराने दिली, हे आज सहज विसरले जाते.

या पट्ट्यात पाहण्याजोगी जागा म्हणजे मॅचिंग सेंटर. बाहेरून ते अरुंद असते, आत तीन भिंतींवर छतापर्यंत रंगांचे गठ्ठे. बाई पिशवीतून साडी काढून काउंटरवर पसरते. काउंटरमागचा माणूस काही विचारत नाही. मागे न पाहता हात वर करतो आणि टू बाय टू रुबियाच्या ढिगातून तीन तुकडे खेचतो: एक नेमका, एक किंचित गडद, एक किंचित फिका. मग खरी परीक्षा होते. साडी आणि तुकडा घेऊन दोघेही दुकानाच्या दारात येतात, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात दगा देतो. चटणी-रंग आणि जुना मोरपंखी यांतला फरक दाखवायला दिवसाचाच उजेड लागतो. हीच साडी पुढे मॉलमध्ये नेली तर हे शक्य नाही, कारण तिथे उजेडाला दारच ठेवलेले नाही.

आझादनगर आणि डी. एन. नगरच्या दरम्यान इमारतींच्या मागे काळ्या दगडाचा एक उभा सुळका अधूनमधून दिसतो. तो गिल्बर्ट हिल. 61 मीटर उंच, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून घडलेला बेसॉल्टचा स्तंभ, माथ्यावर गावदेवीचे मंदिर. अशाच उभ्या सुळक्यासाठी अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर पाहायला लोक शेकडो मैल जातात. अंधेरीत त्याच्या पायथ्याशी झोपड्या आणि टॉवर दाटले आहेत आणि खरेदीला निघालेल्यांपैकी फारच थोडे मान वर करतात.

डी. एन. नगर म्हणजे दादाभाई नौरोजी नगर, गृहनिर्माण मंडळाची वसाहत. इथून सरळ गेले तर चार बंगला, सात बंगला आणि शेवटी वेसावे, म्हणजे वर्सोवा. वेसाव्याच्या कोळणी ताजी मासळी घेऊन चार बंगल्याच्या बाजारात बसतात. पापलेटचा भाव विचारायचा आणि मग मांदेली घेऊन घरी जायचे, हा तिथल्या बऱ्याच घरांचा रविवार. उजवीकडे वळले की नवा लिंक रोड लागतो, आणि इथून बाजाराचा नूर बदलतो.

सर्वांत आधी बदलतात ते पदपथ. स्टेशनाकडे माणसे दाटीने चालत होती. इथे रस्ता रुंद आहे, गाड्या वेगात आहेत आणि चालणारा एकटा पडतो. दुकाने रस्त्यापासून आत सरकलेली, पुढे गाड्या लावायला जागा सोडलेली. मोटारी, सोफे, संगमरवर, न्हाणीघरातले नळ असा माल काचेमागे मांडलेला असतो. हा बाजार चालत येणाऱ्यासाठी मांडलेलाच नाही. महागड्या बाजाराने स्टेशनाकडे पाठ का केली याचे उत्तर इथे मिळते: त्याचे गिऱ्हाईक लोकलने येत नव्हते, ते गाडीने येत होते, आणि गाडी उभी करायला स्टेशनाजवळ तसूभरही जागा नव्हती. खाडीच्या बाजूची दलदल बुजवून तयार झालेल्या या पट्ट्यात जमीन मोकळी होती आणि नव्या इमारतींत गाडीवाले राहायला आले होते.

इन्फिनिटी मॉल 2004 मध्ये या रस्त्यावर उघडला. त्याच वर्षी मालाडला इनऑर्बिट आला. नंतर गोरेगाव, कुर्ला, घाटकोपर असे मॉल उठत गेले. घाटकोपरचा आर सिटी 2009 चा. मध्य रेल्वेच्या बाजूला ही वाढ लालबहादूर शास्त्री मार्गावर झाली, तिथे बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनी मिळाल्या. अंधेरीला दलदल कामी आली, घाटकोपर-मुलुंडला बंद पडलेले कारखाने.

मॉल हा प्रकार मूळचा अमेरिकेचा. पूर्णपणे बंदिस्त असा पहिला मॉल 1956 मध्ये मिनेसोटात उभा राहिला. तो आखणारे व्हिक्टर ग्रूएन हे व्हिएन्नाचे. आपल्या गावच्या रस्त्यांसारखे माणसांनी पायी फिरावे, भेटावे, अशी त्यांची कल्पना होती. पुढे मॉलचे झालेले रूप पाहून त्यांनीच त्याच्याशी नाते तोडले. मांडणीचे तंत्र मात्र जगभर टिकले. वरच्या मजल्यावर चित्रपटगृहे आणि खाण्याची दुकाने, म्हणजे वर जाणारा आणि खाली येणारा प्रत्येक मजल्यावरून जातो. सरकते जिने बहुधा अशा बेताने बसवलेले की एकावरून उतरून दुसरा गाठायला अर्धी चक्कर मारावी लागते. खिडकी नाही, घड्याळ नाही. बाहेर पाऊस पडतोय की अंधार झालाय हे छत्री ठिबकवत आत आलेल्या माणसाकडे पाहून कळते.

मुंबईतल्या पहिल्या मॉलपैकी एक, 1999 चा ताडदेवचा क्रॉसरोड्स. सुरुवातीला तिथे मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसणाऱ्याला प्रवेशाचे पैसे मोजावे लागत. तो नियम टिकला नाही. आज उपनगरातल्या मॉलमध्ये उन्हाळ्यात दुपारी निम्मी गर्दी थंड हवा खायला आलेली असते, आणि हा त्याचा सर्वांत चांगला उपयोग म्हणावा लागेल.

पाट्या वाचत चालणाऱ्याला इथे आणखी एक बदल दिसतो. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीने मराठी नाव देवनागरीत, इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहिणे सर्व दुकानांना बंधनकारक झाले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि ती संपताच पालिकेने तपासणी सुरू केली. त्यामुळे इटालियन बुटांचे आणि फ्रेंच अत्तराचे नावही आता देवनागरीत वाचायला मिळते. काही ठिकाणी अक्षरे मूळ बोधचिन्हाच्या वळणाने नीट कोरून घेतली आहेत, काही ठिकाणी वेलांटी चुकीच्या बाजूला लटकते आहे. दंड चुकवण्यासाठी लावलेली पाटी आणि वाचण्यासाठी लावलेली पाटी यांतला फरक रस्त्यापलीकडूनही ओळखता येतो.

लिंक रोड सोडून डावीकडे आत शिरले की लोखंडवाला. ज्या बिल्डरच्या नावाने हा परिसर ओळखला जातो त्यांनी 1980 च्या दशकात इथे इमारतींच्या रांगा उभ्या केल्या. तळमजल्यावर गाळे आणि वर घरे हा साधाच आराखडा होता. मुंबईबाहेरच्यांना हे नाव कळले ते 16 नोव्हेंबर 1991 च्या चकमकीमुळे. अतिरिक्त पोलिस आयुक्त ए. ए. खान यांच्या नेतृत्वाखाली पोलिसांनी स्वाती इमारतीला भरदिवसा वेढा घातला. माया डोळस आणि दिलीप बुवा यांच्यासह सात जण मारले गेले. 2007 मध्ये त्यावर हिंदी चित्रपट आला. बाजारात आता त्याची खूण नाही, विचारले तर जुने रिक्षावाले इमारत दाखवतात.

लोखंडवालाचा मुख्य रस्ता हा या साऱ्या फेरीतला सर्वांत दाट भाग, आणि इथे एक विसंगती आहे. तीन-चार किलोमीटर चालून महागड्या बाजारात यावे तर पदपथावर पुन्हा पथारी. कानातले, मोबाइलची कव्हरे, चपला, एक्स्पोर्ट सरप्लसचे टॉप, गजरे. मागे काचेच्या दारात ठरल्या भावाचे दुकान आणि पुढे त्याच प्रकारच्या कुर्त्यावर ‘मॅडम, साडेचारशे... बरं, तुम्ही किती देणार?’ दोघे एकमेकांचे वैरी असतील असे वाटते, प्रत्यक्षात दोघांनाही एकमेकांची गर्दी हवी असते. काचेच्या दुकानात काही न घेतलेली मुलगी बाहेर येऊन दीडशेचे झुमके घेते. झुमके घ्यायला आलेली त्यावर शोभेल म्हणून आतला ड्रेस पाहायला जाते. दुकानातून घेतलेली महागडी जीन्स चार बोटे लांब निघते, तेव्हा ती पदपथावर शिलाई मशीन मांडून बसलेल्या कारागिराकडे जाते. तो खडूने रेघ मारतो, मूळची शिवण जपून ठेवतो आणि ती पुन्हा खालच्या कडेला अशी जोडतो की कापलेले कळू नये. ब्रँडची जीन्स इथे चाळीस-पन्नास रुपयांच्या कामाशिवाय अंगावर चढत नाही.

या बाजाराचे दुसरे गिऱ्हाईक म्हणजे पडद्यामागची आणि पडद्यावर येऊ पाहणारी मंडळी. जवळच वर्सोव्याला आरामनगर आहे; तिथल्या जुन्या बैठ्या घरांतून कास्टिंगची कार्यालये चालतात. त्यामुळे लोखंडवालात जिम, सलून, फोटो स्टुडिओ, नाच आणि अभिनयाचे वर्ग, एका दिवसात कपडे शिवून देणारे शिंपी यांची दाटी आहे. अशा जागी खरेदी हा धंद्याचा खर्च असतो. ऑडिशनसाठी सूट घालून आलेला मुलगा टोस्ट सँडविचच्या गाडीपाशी टाय खांद्यावर टाकून उभा असतो, चटणी सांडू नये म्हणून. सँडविचवाला त्याला न विचारता दोन कागद जास्त देतो.

दरम्यान बाजाराच्या भूगोलाची पुन्हा एकदा उलटापालट झाली. दहिसर ते अंधेरी पश्चिम ही मेट्रो 2-अ लिंक रोडवरून धावते; पहिला टप्पा एप्रिल 2022 मध्ये, पुढचा जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. अंधेरी पश्चिमचे स्थानक डी. एन. नगरशी पुलाने जोडलेले आहे, आणि लोअर ओशिवरा लोखंडवालाला जवळ पडते. स्टेशन टाळून वसलेल्या बाजाराच्या दारात स्टेशनच येऊन उभे राहिले. बोरिवली, कांदिवलीची मुले आता गाडी नसताना इथे येतात, आणि मेट्रोच्या जिन्याखाली पहिली पथारी केव्हाच पडली आहे.

मुख्य रस्ता संपला की लोखंडवालाचा मागचा रस्ता लागतो, सगळे त्याला ‘बॅक रोड’ म्हणतात. संध्याकाळी इथे दुकानांपेक्षा चालायला आलेली माणसे आणि कुत्री जास्त. पलीकडे तळे, त्याभोवती कांदळवन, हिवाळ्यात पाणपक्षी. 1991 च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने या बाजूच्या बांधकामावर बंधने आणली आणि 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यास आणि त्याच्या 50 मीटरच्या आत बांधकामास मनाई केली. त्यामुळे अंधेरीचा बाजार पूर्वेकडे, उत्तरेकडे किंवा उंचीने वाढू शकतो. पश्चिमेकडे मात्र या रस्त्यापलीकडे एक गाळाही सरकू शकत नाही.